त्या गाण्यामागे वाजते तरी काय?

प्रश्न : ‘टेन सीसी’ या इंग्लिश बँडचे ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ हे गाणे मी महाविद्यालयात असताना कॅसेटवर ऐकत असे. आता माझी मुलगी ते मोबाइलवर ऐकते आणि विचारते, की मागे भरून राहिलेला तो आवाज कोणत्या वाद्याचा? आणि हे गाणे अजूनही जुने का वाटत नाही? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मुलीने गाण्याचे मर्मच ओळखले आहे. ते वाद्य नव्हे, ते माणसांचे आवाज आहेत.

बँडमधील एरिक स्टुअर्ट आणि ग्रॅहम गुल्डमन यांनी १९७५च्या या गाण्याला प्रथम बोसानोव्हा या ब्राझिलियन शैलीचा ठेका दिला होता. सहकारी केव्हिन गॉडली यांना ते मुळीच रुचले नाही आणि ते ध्वनिमुद्रण पुसले गेले. मात्र इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथील स्ट्रॉबेरी स्टुडिओतील मंडळी ती चाल गुणगुणत राहिली, म्हणून ती पुन्हा हाती घेतली गेली, आणि केवळ आवाजांवर गाणे उभारावे असे या वेळी गॉडली यांनीच सुचवले. गुल्डमन, गॉडली आणि लॉल क्रेम यांनी प्रत्येक स्वर १६ वेळा गायला. म्हणजे एकेका स्वराचे ४८ आवाज झाले. त्या टेपची टोके जोडून लूप, म्हणजे अखंड फिरत राहणारी वेटोळी केली, आणि मिक्सिंग डेस्कवरील फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळा, वरखाली करत त्यांतून हवे ते कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) काढले. फेडर पूर्ण खाली जाऊ नयेत म्हणून तळाशी चिकटपट्टी लावल्याने सगळेच स्वर मंदपणे तेवत राहतात. सोबत इलेक्ट्रिक पियानो, गिटार आणि मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावरचा हृदयाच्या ठोक्यासारखा आवाज आहे. त्याखेरीज फारसे काही नाही.

गाणारा माणूस श्वासासाठी थांबतो; लूपमधला आवाज थांबत नाही. तो मानवी असूनही माणसाला अशक्य इतका दीर्घ आहे, आणि माझ्या मते हे गाणे जुने न होण्याचे पहिले कारण तेच आहे, कारण वाद्यांच्या फॅशन बदलतात तशी कंठाची बदलत नाही.

दुसरे कारण शब्दांत आहे. नवरा पुरेशा वेळा प्रेम व्यक्त करत नाही, ही पत्नीची तक्रार स्टुअर्ट यांना गीताकडे घेऊन गेली. गीतातला माणूस प्रेम ठामपणे नाकारतो. भिंतीवरचे तिचे छायाचित्रसुद्धा केवळ डाग झाकण्यासाठी लावले आहे, असे सांगतो. मागचे आवाज मात्र त्याचे काहीच ऐकत नाहीत. तो जे लपवतो ते सारे तेच बोलून दाखवतात, आणि श्रोता त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

ब्रिटनमध्ये हे गाणे पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले होते. २०१४च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी’ चित्रपटाच्या आरंभीही ते आहे. नव्या पिढीतील अनेकांनी ते तिथेच प्रथम ऐकले असावे.

मुलीला एकदा इयरफोन लावून गाण्याचा मधला भाग ऐकायला सांगा. मोठी मुले रडत नाहीत, असे तिथे कुजबुजणारी स्त्री त्या स्टुडिओची स्वागतिका होती.