भूकंपाचं भाकीत करता येत नसेल, तर तयारी कशाची करायची?

येत्या अमावास्येला पुण्यात भूकंप होणार असा मेसेज तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. तो खरा का, आणि भाकीत होतच नसेल तर तयारी तरी कशाची, असं तुम्ही विचारलंय.

मेसेज डिलीट करा. भूकंपाचं ठिकाण, वेळ आणि तीव्रता आधी सांगणं आज जगात कुणालाच जमत नाही. चीनमध्ये 1975 साली हायचेंगला मोठ्या धक्क्याआधी लहान धक्के बसत होते, म्हणून लोकांना वेळेत बाहेर काढता आलं. पुढच्याच वर्षी तांगशानला तसं काही झालं नाही आणि दोन लाखांहून जास्त माणसं गेली. जपानमध्ये मोबाइलवर येतो तो इशाराही भाकीत नव्हे. भूकंप सुरू झालेला असतो. पहिल्या, वेगवान लहरी यंत्रांनी टिपल्या की जोरदार हादरे पोचेपर्यंत काही सेकंद मिळतात, इतकंच.

तयारीला तारीख लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला 6.2 तीव्रतेचा धक्का बसला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक घरात झोपले होते. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद त्यांच्या अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. एवढे धक्के जपानमध्येही बसतात, पण घरं उभी राहतात.

भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे झोन पाडणाऱ्या 2016 च्या भारतीय मानकात पुणे झोन 3 मध्ये आहे, कोयना त्याहून जास्त धोक्याच्या झोन 4 मध्ये. इमारतीच्या कॉलम-बीमचं डिझाइन त्यानुसार व्हायला हवं. मला सगळ्यात काळजी वाटते ती खाली नुसते पार्किंगचे कॉलम आणि वर भिंतींनी भरलेले मजले असलेल्या इमारतींची. 2001 च्या भूज भूकंपात लांबच्या अहमदाबादेत अशाच कितीतरी इमारती बसल्या. फ्लॅटचं नूतनीकरण करताना कुणी कॉलम किंवा बीम फोडत असेल तर कृपा करून तिथल्या तिथे थांबवा.

घरात लोखंडी कपाट भिंतीला क्लॅम्पने पक्कं करा, पलंगावरच्या माळ्यातली पितळेची भांडी खाली आणा. धक्के सुरू झाले की मजबूत टेबलाखाली डोकं झाकून बसा, लिफ्टकडे धावू नका.

आणि इमारत जुनी असेल, तर पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये रंगकामाच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा विषय घ्या.