रिको जीआर: तुमचे फोटो, तुमचे प्रश्न

रिको जीआर मालिकेतल्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. फोटो भरपूर आले आणि बहुतेकांसोबत एखादी तक्रारही आली. पुन्हापुन्हा आलेल्या तक्रारी इथे घेतल्या आहेत. खाली ‘जीआर’ म्हणजे २०१३चं मॉडेल, ‘टू’ २०१५चं आणि ‘थ्री’ २०१९चं. तिन्हींत एपीएस-सी सेन्सर (फुलफ्रेमपेक्षा, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा, लहान) आणि १८.३ मिमी, एफ/२.८ भिंग आहे, म्हणजे फुलफ्रेमच्या हिशेबात २८ मिमी. २०२१चं ‘थ्री-एक्स’ ४० मिमीचं आहे. त्याला इथले अंतराचे आकडे लावू नका.

वारीतल्या गोल रिंगणाचा फोटो पाठवतो आहे. जीआर टू, एव्ही मोड (भिंगाचं छिद्र मी ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा), छिद्र एफ/४, शटर १/२५०. अश्व पाचेक मीटरवर होता. तो पुसट आलाय, मागचे पताकाधारी मात्र स्पष्ट. फोकस मागे गेला की माझा हात हलला? (अ. दे., सोलापूर)

दोन्ही नाही. हात हलला असता तर पताकाही हलल्या असत्या. फोकस मागच्या माणसांवर गेला असेलही, पण त्याने एवढा फरक पडत नाही. १८.३ मिमीच्या भिंगावर एफ/४ला फोकस १५ मीटरवर बसला, तरी सव्वातीन मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. खरं कारण तुमच्याच फोटोत दिसतंय. शंभर टक्के मोठा करून पाहा: अश्वाच्या पाठीची आडवी कड धारदार आहे, पायांच्या उभ्या कडा मात्र आडव्या पसरल्यात. फोकस चुकला की सगळ्याच कडा सारख्या मऊ होतात. एकाच दिशेने पसरल्या की समजायचं, शटर कमी पडलं.

हिशेब करू. ताशी ४० किलोमीटरने धावणारा अश्व १/२५० सेकंदात साडेचार सेंटिमीटर पुढे जातो. पाच मीटरवरून तुमच्या १६ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर हे अंतर तीसेक पिक्सेल होतं. १/१०००ला आठ-नऊ पिक्सेल उरतात, म्हणजे छापील फोटोत कळणारही नाही.

पुढच्या वेळी मोड डायल टीएव्हीवर ठेवा. या मोडमध्ये शटर आणि छिद्र तुम्ही ठरवता, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कॅमेरा ठरवतो. शटर १/१०००, छिद्र एफ/५.६. आषाढातल्या ढगाळ उजेडात आयएसओ ८००च्या आसपास येईल, त्याची काळजी नको. मेनूत ‘फुल प्रेस स्नॅप’ (स्नॅप म्हणजे आधीच ठरवलेल्या अंतरावरचा फोकस) चालू करा आणि स्नॅपचं अंतर ५ मीटर ठेवा. एफ/५.६ला त्यात दोन मीटरपासून अनंतापर्यंत सगळं येतं. आता शटरचं बटण एका दमात खालपर्यंत दाबलं की कॅमेरा फोकस शोधत न बसता लगेच फोटो घेतो. बटण अर्ध्यावर थांबवलं तर मात्र नेहमीचा ऑटोफोकस सुरू होतो. डीएसएलआरवर हात बसलेल्यांची बोटं सवयीने अर्ध्यावर थांबतात आणि मग ‘स्नॅप चालत नाही’ अशी पत्रं येतात. घरी पन्नासेक वेळा नुसतं दाबून बघा, सवय मोडते.

एक राहिलं. तुमच्या फोटोत पांढरी धोतरं आणि टोप्या पार पांढऱ्या पडल्यात, कापडाची घडी दिसत नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सोय) -०.७ ठेवा. चेहरे थोडे गडद येतील, ते डीएनजी, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या ‘रॉ’ फाइलमधून वर काढता येतात. जळालेला पांढरा रंग परत आणता येत नाही.

रस्त्यावर स्नॅपचं अंतर किती ठेवावं? दादरच्या फुलबाजारात पहाटे निम्मे फोटो हुकतात. (मु. रा., मुंबई)

अंतर एकट्याने ठरत नाही, छिद्रासोबत ठरतं (एफपुढचा आकडा मोठा, तितकं छिद्र बारीक आणि स्पष्ट पट्टा मोठा). उन्हात एफ/८ आणि २.५ मीटर ही जोडी सगळ्यात निर्धोक: सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. एफ/५.६ आणि २ मीटर ठेवलं तर साधारण १.२ ते ६ मीटर. पहाटेच्या बाजारात तुम्ही एफ/२.८ वापरता आहात आणि तिथे २ मीटरवर फक्त दीड ते तीन मीटरचा पट्टा मिळतो. बाजारात गर्दी अंगावर येते, समोरचा माणूस एक मीटरवर असतो आणि तो पट्ट्याबाहेर राहतो. छिद्र एफ/४ करा, अंतर १.५ मीटर ठेवा, आयएसओ ३२०० ते ६४००पर्यंत जाऊ द्या. १.१ ते २.३ मीटर हाती लागेल. दिव्याखालच्या झेंडूच्या ढिगाला एवढं पुरतं.

अंतर डोळ्याने ओळखायला घरातल्या फरशा मोजा. दोन फुटी टाइल असेल तर अडीच टाइल म्हणजे दीड मीटर, सव्वातीन म्हणजे दोन. समोर खुर्ची ठेवून पुढेमागे सरका. चार दिवसांत पायांना अंदाज येतो.

आकाशात दरवेळी त्याच जागी करडा ठिपका येतो. भिंग पुसून पुसून थकलो. (सु. पा., कोल्हापूर, याच आशयाची आणखी बरीच पत्रं)

भिंगावरचा कण फोटोत असा ठिपका होऊन दिसत नाही, त्यामुळे पुसणं थांबवा. ही सेन्सरवरची धूळ आहे. या मालिकेचा हा सगळ्यात कुप्रसिद्ध दोष. भिंग आत-बाहेर होताना हवा ओढली जाते आणि हवेबरोबर खिशातला कापसाचा मऊ धुरळा आत जातो. जीआर आणि टूमध्ये सेन्सर झटकायची सोयच नाही. थ्रीमध्ये आहे, मेनूत ‘डस्ट रिमूव्हल’ शोधा. कोरडे कण त्याने पडतात, चिकटलेले पडत नाहीत.

खात्री अशी करा. एव्ही मोड, एफ/१६, आयएसओ १००, कॉम्पेन्सेशन +१. मॅन्युअल फोकस अगदी जवळ आणा, निरभ्र आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा धरा आणि फोटो घेताना मुद्दाम थोडा हलवा. भिंतीवरचे डाग पुसट होतील, सेन्सरवरचे तिथेच राहतील. मग तोच फोटो एफ/२.८ला घ्या. ठिपका नाहीसा झाला तर निदान पक्कं. छिद्र बारीक असलं की प्रकाशाची शलाका अरुंद होते आणि कणाची सावली ठळक पडते. छिद्र मोठं असलं की सावली पसरून विरते. म्हणूनच रस्त्यावर एफ/२.८ ते एफ/५.६ वापरणाऱ्याला वर्षभर धूळ कळत नाही आणि सह्याद्रीतला निसर्ग एफ/११ला टिपणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते.

व्हॅक्यूम क्लीनरची नळी भिंगाजवळ धरून कॅमेरा चालू-बंद करायचा, हा उपाय बऱ्याच जणांनी विचारलाय. काहींचा ठिपका त्याने जातो. पण बाकीच्या फटींतून नवी हवा आत शिरते आणि एकाच्या जागी तीन ठिपके होतात. आमचं मत स्पष्ट आहे: करू नका. दाबलेल्या हवेचा डबा तर नकोच, त्यातून द्रवाचे थेंब उडतात. एक-दोन ठिपके असतील तर संगणकावर स्पॉट काढून टाका, अर्ध्या मिनिटाचं काम. ठिपके वाढले की कॅमेरा उघडून साफ करवून घ्या. सेन्सरपर्यंत पोचायला भिंगाचा संच काढावा लागतो, त्यामुळे हे घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसण्याचं काम नाही. नंतर कॅमेरा मोकळा खिशात टाकू नका. बारीक विणीची थैली घ्या आणि ती महिन्यातून एकदा उलटी करून झटका.

जीआर थ्रीमध्ये स्टॅबिलायझेशन आहे, तरी घरात मुलांचे फोटो हललेले येतात. (प्रा. कु., पुणे)

स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, मूल सांभाळत नाही. घरातल्या उजेडात कॅमेरा आपणहून १/४०च्या आसपास उतरतो, आणि त्या वेगाला हाललेलं डोकं पुसट येणारच. आयएसओ ऑटोच्या सेटिंगमध्ये किमान शटर १/२५० करा, वरची मर्यादा ६४०० द्या. दाणे दिसतील. दाणेदार फोटो अल्बममध्ये लावता येतो, हललेला नाही.

भर दुपारी एफ/२.८ ठेवलं की फोटो पांढराफटक येतो. (नि. ना., मडगाव)

या कॅमेऱ्याचं शटर भिंगाच्या आत आहे. त्याच्या पात्यांना पूर्ण छिद्र उघडून परत मिटायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे वेगाची कमाल छिद्रानुसार बदलते. एफ/२.८ला जीआर आणि टू १/२०००वर थांबतात, थ्री १/२५००वर. एफ/५.६पासून पुढे १/४००० मिळतं. कडक उन्हात आयएसओ १००, एफ/२.८ला सुमारे १/३२०० लागतं, म्हणून फोटो जळतो. किनाऱ्यावर वाळू आणि पाणी चमकतं, तिथे आणखीनच. उपाय कॅमेऱ्यातच आहे: एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काच) चालू करा. तो दोन स्टॉप उजेड कमी करतो, म्हणजे पावच उरतो, आणि शटर १/८००वर येतं. एनडी एखाद्या एफएन बटणावर (ज्याला हवं ते काम नेमून देता येतं) लावून ठेवा आणि सावलीत शिरताना आठवणीने बंद करा.

तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो ‘छापण्याजोगा नाही’ म्हणून परत आला. कॅमेरा तर २४ मेगापिक्सेलचा आहे! (वि. स., नाशिक)

कॅमेरा २४चा आहे, पण आमच्यापर्यंत दोनच पोचले. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्याची लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेल उरते. ३०० डीपीआयला छापला तर तो सव्वापाच इंच होतो. मूळ ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो त्याच हिशेबात वीस इंच रुंद छापता येतो. एचडीचा पर्याय निवडला तरी फाइल आकसतेच. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते, किंवा सरळ ईमेल करा.

डॉक्युमेंटसोबत फोटोची सगळी माहितीही येते: शटर, छिद्र, आयएसओ. आम्हाला ती हवीच असते, तिच्यावरूनच तर दोष सांगता येतो. पण थ्री मोबाइलच्या ॲपला जोडून जागेची नोंद चालू ठेवली असेल तर घराचं अक्षांश-रेखांशही फाइलसोबत येतं. घरातले, मुलांचे फोटो कुठेही पाठवण्याआधी जागेची माहिती काढून टाका.

फोटो कातरून पाठवू नका, हेही सांगायला हवं. थ्रीमध्ये ५० मिमीचा क्रॉप (कडा कापून ५० मिमीच्या भिंगासारखा फोटो) लावला की २४चे सातच मेगापिक्सेल उरतात. पान भरायचं असेल तर ते तोकडे पडतात.

‘हाय कॉन्ट्रास्ट’ ब्लॅक अँड व्हाइटमध्ये माझे सगळे चेहरे काळे येतात. (श्री. ग., अकोला)

जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांच्यामुळे जीआर आणि दाणेदार, कडक काळंपांढरं ही जोडी लोकांच्या मनात बसली. त्या शैलीत काळा भाग मुद्दाम बुडवलेला असतो. विदर्भातल्या माथ्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि हा इफेक्ट ती पूर्ण गिळतो. रॉ प्लस जेपीईजी ठेवा. फोटो काढून झाल्यावर कॅमेऱ्यातच रॉ डेव्हलप करता येतो. तोच फोटो साध्या काळ्यापांढऱ्यात काढा, कॉन्ट्रास्ट एक-दोन पायऱ्या उतरवा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. तुम्ही पाठवलेल्या पाचांपैकी कापूस बाजाराच्या फोटोला कडक इफेक्ट शोभतो. आजींच्या चेहऱ्याला नाही.

कोकणात पावसाळ्यात कॅमेरा कसा ठेवावा? (ल. मो., चिपळूण)

जीआरच्या कुठल्याच मॉडेलला पाण्यापासून संरक्षण नाही, भुरभुर पावसातही छत्री हवी. खरा शत्रू मात्र दमट हवा. ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली की भिंगावर बुरशी धरते. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, त्यात स्वस्तातला आर्द्रतामापक आणि पावशेर सिलिका जेल ठेवा. काटा ४० ते ५०च्या मध्ये हवा. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी हिरवे झाले, की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. हे स्वयंपाकाच्या भांड्यात करू नका, वेगळा ट्रे ठेवा. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट, चामडं ओल धरून ठेवतं.

एसी गाडीतून उतरताना काच धुरकटते तेव्हा पुसू नका आणि कॅमेरा चालूही करू नका. उतरण्याआधीच तो झिपच्या पिशवीत घाला, बाहेर आल्यावर वीस-तीस मिनिटं तसाच राहू द्या. दव पिशवीवर जमेल.

जुना जीआर टू घ्यायचा आहे. काय तपासू? (के. जो., छत्रपती संभाजीनगर)

आधी वर सांगितलेली एफ/१६ची धुळीची चाचणी करा, दुकानदार कुरकुरला तरी. दहा वेळा चालू-बंद करा. भिंग बाहेर येताना करकर आवाज आला किंवा ते मध्येच अडखळलं तर वाळू शिरलेली आहे, तो कॅमेरा सोडून द्या. फ्लॅश वर काढून एक फोटो घ्या. थ्रीमध्ये फ्लॅशच नाही, कित्येक जण टू शोधतात ते यासाठीच. भिंगाभोवतीची रिंग जागेवर आहे ना, पाहा. वाइड कन्व्हर्टर (आणखी रुंद दृश्य घेणारं जोडभिंग) लावायला ती काढावी लागते आणि हरवते. बॅटरी सपाट फरशीवर ठेवून फिरवा. भोवऱ्यासारखी फिरली तर फुगली आहे, नवी डीबी-६५ घ्यावी लागेल हे धरून भाव करा.

थ्रीची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. (आ. व., ठाणे)

टिकणार नाहीच. प्रमाणित चाचणीतच ती २०० फोटोंची आहे, टूची ३२० होती. वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवा, स्क्रीनचा उजेड एक पायरी उतरवा, आणि दिवसभर फिरायचं असेल तर दोन जादा डीबी-११० बाळगा. टूची डीबी-६५ यात बसत नाही. कॅमेरा यूएसबी-सीवर चार्ज होतो, त्यामुळे लोकलमध्ये बसल्या बसल्या पॉवर बँकेला लावला तरी चालतं.