‘मॅट्रिक्स’ त्रयीचा शेवटचा भाग पाहून समाधान होतं का?

अर्धंच होतं: नायक निओची गोष्ट पूर्ण होते, पण पहिल्या भागाने (१९९९) डोक्यात पेरलेले प्रश्न तसेच राहतात. तिन्ही भाग सलग पाहून सांगतोय. शेवटच्या ‘रेव्होल्यूशन्स’मध्ये (२००३) बराच वेळ माणसांच्या अखेरच्या शहराच्या, झायनच्या लढाईत जातो आणि तेवढा वेळ निओ आणि त्याची प्रेयसी ट्रिनिटी पडद्यावर नसतात, हे फार खटकतं. पण त्या दोघांचं यान काळ्या ढगांच्या वर येतं आणि ट्रिनिटी पहिल्यांदाच खरा सूर्य पाहते, तो क्षण काळजाला भिडतो. माणसं आणि यंत्रांमधलं युद्ध विजयाने नाही तर तहाने संपतं, हेही मला मनापासून पटलं. मात्र दुसरा भाग ‘रीलोडेड’ विसरला असाल तर आधी तो पाहा. खलनायक स्मिथ एवढा बलाढ्य कसा झाला, ते नाहीतर कळणारच नाही.