‘माणसं वाढली म्हणून नोकरी नाही का?’

प्रश्न : ताई, माझा मुलगा बी.एस्सी. झाला. चार वर्षं झाली, पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा देतोय. सोयाबीनचा पैसा त्याच्या मेसला जातो. २०२३ च्या तलाठी भरतीतही राहिला. गावात म्हणतात, माणसंच इतकी वाढली, नोकऱ्या पुरणार कशा? त्याला परत बोलवू का?
– एक आई, जि. धाराशिव

उत्तर : त्या भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज होते. एका जागेमागे दोनशेहून जास्त. तो राहिला, यात त्याला कमी लेखू नका.

गावातलं बोलणं मला अर्धवट वाटतं. मी शाळेत शिकवायचे. २००८ साली माझ्या पाचवीत बासष्ट पोरं होती, एकेका बाकावर चौघं. निवृत्त झाले तेव्हा त्याच वर्गात एकवीस. राज्यातही हेच झालंय. १९९२-९३ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ मध्ये १.७. आज नोकरीच्या रांगेत उभी आहेत ती माझ्या त्या भरलेल्या बाकांवरची पोरं. ‘शेतीत काही नाही, शिक’ म्हणून आपणच त्यांना धाडलं. ती शिकली, पण त्या शिक्षणाजोगी कामं तेवढी निघाली नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ चा आकडा आहे : देशातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४. (न शिकलेल्याला घरी बसणं परवडत नाही, मिळेल ते काम तो धरतो.)

भाच्याला भेटायला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत गेले होते. दोन फुटांचा कप्पा, प्लायवर चिकटवलेलं वेळापत्रक, खुर्चीवर आईनं शिवलेली गोधडी घडी घालून ठेवलेली. ‘आई काय म्हणते?’ असं विचारलं त्यानं, आणि मी बोलायच्या आत मान खाली घालून पानं उलटायला लागला. मला फार वाईट वाटलं.

म्हणून म्हणते, बोलावू नका, तुम्हीच जा. शेवटचा प्रयत्न कोणता, हे त्याच्याच तोंडून ठरू द्या. तारीख मात्र ठरवाच. तोवर अर्धा दिवस काम धरायला सांगा. बी.एस्सी. आहे, माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत विचारू दे. परतलाच, तर पारावर कुणी काही बोलायच्या आधी तुम्ही त्याच्या बाजूनं बोला.

आणि गेल्या गेल्या निकालाचं काढू नका. भाकरी-ठेचा न्या, आधी पोटभर जेवू द्या.