गहू-सातूचं बी रुजताना स्टार्चची साखर कोण करतं, कोंब स्वतःच का?

नाही, कोंब फक्त हुकूम सोडतो. स्टार्च फोडणारी विकरं मुख्यतः सालीलगतच्या ॲल्युरोन नावाच्या पातळ थरातून येतात. दाण्याने पाणी शोषलं की भ्रूणाकडून जिबरेलिन हे संप्रेरक निघतं आणि त्याच्या इशाऱ्यावर ॲल्युरोनच्या पेशी अल्फा-अमायलेज हे विकर नव्याने बनवून आतल्या पिठूळ भागात सोडतात. (त्या भागातल्या पेशी दाणा पिकतानाच मेलेल्या असतात, त्यामुळे मदत बाहेरूनच यावी लागते.) अल्फा-अमायलेज स्टार्चच्या लांब साखळ्या मधूनच कुठेही तोडतं. बीटा-अमायलेज मात्र टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजची जोडी, म्हणजे माल्टोज, सुटी करत जातं. सातूत ते आधीपासूनच साठवलेलं असतं, फक्त मोकळं व्हावं लागतं. साखळीला जिथे फांद्या फुटतात ते जोड या दोघांनाही तुटत नाहीत, तिथे तिसरं विकर लागतं. माल्टोजचं पुढे ग्लुकोज होतं, ते भ्रूणाची वरूथिका (पिठूळ भागाला चिकटलेला ढालीसारखा भाग) शोषते आणि सुक्रोजच्या रूपात कोंब-मुळांकडे पाठवते.

याचा पुरावा भक्कम आहे: 1960 च्या सुमारास भ्रूण काढून टाकलेल्या सातूच्या दाण्यांना नुसतं जिबरेलिन दिलं, तरी स्टार्चची साखर झाली. ॲल्युरोनही सोलून काढला तर हा परिणाम जवळजवळ दिसत नाही.

एवढंच, की अगदी सुरुवातीचं थोडं अमायलेज वरूथिकेतूनही येतं, आणि हे सगळं तृणधान्यांचं झालं. कडधान्यांत साठा डाळिंब्यांच्या जिवंत पेशींतच असतो, तिथे असा ॲल्युरोनवर विसंबलेला कारभार नसतो.