'डाउट' आणि 'सस्पेक्ट': दोन्हीकडे शंकाच, पण कल उलटा

तुम्ही पुरवठादाराला मेल पाठवली, 'वी डाउट दॅट द पंप इज लीकिंग', आणि त्याचं उत्तर आलं की मग काळजीचं कारण नाही. डाउट आणि सस्पेक्ट यांत नेमका फरक काय, असा तुमचा प्रश्न आहे. पुरवठादाराने तुमचं वाक्य बरोबर वाचलं. त्याचा अर्थ 'पंप गळत असेल असं आम्हाला वाटत नाही' असाच होतो. तुम्हाला म्हणायचं होतं, 'वी सस्पेक्ट दॅट द पंप इज लीकिंग'.

पुढे पूर्ण वाक्य आलं की फरक स्पष्ट दिसतो. डाउटनंतर जे सांगितलं जातं ते बहुधा खरं नसावं, असा बोलणाऱ्याचा कल असतो. सस्पेक्टनंतर जे येतं ते बहुधा खरं असावं, फक्त पुरावा हातात नाही. 'द डॉक्टर सस्पेक्ट्स डेंग्यू' म्हटलं तर रक्त तपासायला पाठवा. 'द डॉक्टर डाउट्स इट इज डेंग्यू' म्हटलं तर डॉक्टरांच्या मते हा ताप दुसरा कसला तरी आहे.

आपली माणसं इथे हमखास अडखळतात, कारण मराठीत शंका आणि संशय हे दोन्ही शब्द दोन्हीकडे चालतात. वर्तमानपत्रात संशयित आरोपी असतो आणि न्यायालय त्याला संशयाचा फायदा देऊन सोडतं. पहिला संशय सस्पेक्टचा, दुसरा डाउटचा. मराठी वाचकाला त्यात काही खटकत नाही, कारण आपल्याकडे अर्थ आजूबाजूच्या शब्दांवरून कळतो. 'तो येईल की नाही याची शंका आहे' हे डाउट. 'तो येणार नाही अशी शंका आहे' हे सस्पेक्ट. मी शिकवताना हीच खूण देतो: मनातल्या मराठी वाक्यात 'अशी शंका' असेल तर सस्पेक्ट लिहा; 'की नाही' किंवा 'याबद्दल' असेल तर डाउट.

दुसऱ्या वाक्यातला 'नाही' फार घातक आहे. तो तसाच उचलून 'आय डाउट ही वोन्ट कम' लिहिलं, तर अर्थ होतो 'तो न येण्याची शक्यता कमी', म्हणजे येईलच बहुतेक. लिहायचं असतं ते 'आय डाउट ही विल कम' किंवा 'आय सस्पेक्ट ही वोन्ट कम'. होकारार्थी डाउटनंतर 'इफ' किंवा 'वेदर'ही चालतं, सस्पेक्टनंतर ते चालत नाही.

शब्दांच्या मुळाशी गेलं की हे जास्त पक्कं बसतं. डाउट ज्या लॅटिन क्रियापदातून आला त्याचं नातं 'दोन' या संख्येशी आहे. मन दोन बाजूंत लोंबकळतं. न्यायदर्शनातला, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातला संशयही नेमका हाच: 'स्थाणुर्वा पुरुषो वा', अंधुक उजेडात समोर दिसतंय ते लाकडाचा खुंट की माणूस? सस्पेक्टच्या लॅटिन मुळात मात्र खालून वर पाहणं आहे. तिथे नजर कशावर तरी रोखलेली असते.

जुन्या इंग्रजीत मात्र डाउटचा अर्थ 'भीती वाटणे, अंदाज येणे' असाही होता. 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकात राजपुत्र म्हणतो, 'आय डाउट सम फाउल प्ले'. घातपात झाला नसावा असं त्याला म्हणायचं नाही. उलट काहीतरी घात आहे असा त्याला वास येतोय. स्कॉटलंडमध्ये आजही 'आय डाउट इट विल रेन' म्हणजे 'पाऊस येणार बहुतेक' अशी बोली आहे. तेव्हा तुमचं वाक्य इंग्रजीच्या इतिहासाला परकं नाही, पण आजच्या व्यवहारात ते उलटंच वाचलं जाईल.

पुढे वाक्याऐवजी नुसतं माणसाचं नाव आलं तर वेगळं पाहावं लागतं. 'आय डाउट हिम' म्हणजे त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. 'आय सस्पेक्ट हिम' म्हणजे हे त्यानेच केलं असावं. काय केलं ते सांगायचं तर 'ऑफ' लागतं: 'दे सस्पेक्ट हिम ऑफ स्टीलिंग'. एका ठिकाणी मात्र दोन्ही क्रियापदं जवळ येतात. 'आय डाउट हिज मोटिव्ह्ज' आणि 'आय सस्पेक्ट हिज मोटिव्ह्ज', दोन्हींत त्याच्या हेतूंवर अविश्वासच आहे.

सस्पेक्टला गुन्ह्याचीच पार्श्वभूमी लागते असंही नाही. 'आय सस्पेक्ट यू आर राइट' हे सभ्य, सावध सहमतीचं वाक्य आहे, ते बिनधास्त वापरा.

आपल्या शाळा-कॉलेजांत रुळलेलं 'सर, आय हॅव अ डाउट' हे भारतात सगळ्यांना कळतं, त्यात काही गैर नाही. परदेशी ग्राहकाशी बोलताना मात्र 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा. नाहीतर त्याला वाटतं, आपल्या म्हणण्यावर यांचा विश्वासच बसलेला नाही, आणि तो खुलासे देत बसतो.