२ बीएचके घराला थ्री फेज लागतंच का? लोड कसा काढायचा?

तुम्ही म्हणताय नवीन २ बीएचके बांधतोय, वायरमन थ्री फेजच (एकाऐवजी तीन जिवंत तारांचं कनेक्शन, लोड तिघींत वाटला जातो) घ्या म्हणतोय, तर घराचा लोड काढायचा कसा. आधी लोड आणि युनिट यात गल्लत करू नका. १००० वॅटची इस्त्री तासभर चालली की १ युनिट पडतं, ते बिलाचं झालं, पण वायरला सोसायचे असतात ते त्या घडीचे १००० वॅट, आणि लोड म्हणजे तेच.

घरातल्या सगळ्या वस्तूंचे वॅट मांडून सरसकट बेरीज करू नका, आकडा उगाच फुगतो, कारण एसी आणि गिझर सहसा एका वेळी चालत नाहीत. दिवसातली सगळ्यात घाईची वेळ धरा. आमच्याकडे ते कळलं दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला, पहाटे दोन्ही गिझर चालू, टाकीत पाणी चढवायला पंप, आई इंडक्शनवर, वहिनी मिक्सरवर, आणि ३२ अँपिअरचा मेन एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद पडणारा स्विच) सारखा पडतोय. मग कागद घेऊन बसलो. गिझर २००० चे दोन म्हणजे ४०००, इंडक्शन १८००, १ एचपी पंप (७४६ वॅट म्हणतात पण ओढतो हजाराच्या आसपास) १०००, मिक्सर ६००, फ्रिज १५०, पंखे-दिवे मिळून ५२५. झाले ८०७५ वॅट, भागिले २३० व्होल्ट, म्हणजे ३५ अँपिअर, ३२ च्या वर. एक गिझर बंद ठेवला की तेच २६ वर येतं. आता आम्ही गिझर आलटून पालटून लावतो, सिंगल फेजवर निवांत चाललंय.

मोठा एमसीबी टाकून घेऊ असं कोणी म्हटलं तर अजिबात ऐकू नका! एमसीबी वायर वाचवायला असतो, आतली वायर बारीक राहिली तर एमसीबी पडणार नाही आणि वायर भिंतीत जळेल. गिझर आणि एसीला प्रत्येकी वेगळी लाइन, ४ स्क्वेअर एमएमची, लाइट-पंख्याला १.५ पुरते.

बिलावर मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने तुम्हाला मंजूर केलेला लोड, लिहिलेला असतो, तो तुमच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर वाढवून घ्या. थ्री फेज मला तेव्हाच पटतं जेव्हा दोन-तीन एसी, मोठा पंप किंवा पुढे गाडीचा चार्जर यायचाय, नाहीतर दर महिन्याला स्थिर आकार उगाच जास्त भरावा लागतो. त्यापेक्षा तो पैसा चांगल्या अर्थिंगला आणि ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीला (करंट गळायला लागला की लाइन तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) घाला, बाथरूममध्ये गिझर आहे आणि घरात लहान मुलं आहेत.